थरथर इंजिनाची, आळ माउंटिंगवर

सिग्नलला गाडी थांबते, आतला आरसा थरथरायला लागतो आणि मागच्या रिक्षाचा एकच दिवा त्यात दोन दिसतो. गॅरेजमध्ये नेली की उत्तर तयार असतं, "फाउंडेशन गेलंय साहेब, तिन्ही टाकून घ्या." मग तिन्ही फाउंडेशन, म्हणजे कंपनीच्या भाषेत इंजिन माउंटिंग, बदलली जातात. बिल होतं, थोडे दिवस गाडी बरी वाटते आणि थरथर परत जाणवू लागते. कारण मूळ दोष एका सिलिंडरच्या प्लगचा होता, नव्या रबरानं तो फक्त झाकला होता. याच्या उलटही तितक्याच सहज घडतं. प्लग बदलतात, थ्रॉटल बॉडी साफ होते, इंजेक्टर धुतले जातात, प्रकरण क्लचप्लेटपर्यंत जातं, आणि बॅटरीच्या ट्रेखाली फाटून लोंबणाऱ्या रबरावर कुणी टॉर्चसुद्धा मारलेला नसतो.

छोट्या गाडीतला हा भाग असा दोन्हीकडून मार खातो. सर्व्हिसच्या वेळापत्रकात तो असलाच तर 'तपासा' एवढ्यावर भागवलेलं असतं. इंजिन ऑइलसारखं 'अमुक किलोमीटरला बदला' असं त्याच्याबद्दल सहसा लिहिलेलं नसतं. ऐंशी हजार ते लाखभर किलोमीटर किंवा सात-आठ वर्षं हा ढोबळ हिशेब गॅरेजवाले सांगतात. तो चुकीचा नाही, पण रोज आंबोली घाट चढणारी गाडी आणि आठवड्यातून एकदा भाजी आणायला निघणारी गाडी यांना तो सारखा कसा लागू व्हावा? माझं मत आधीच सांगून टाकतो. माउंटिंग हा अंदाजानं बदलण्याचा भाग नाही. अर्ध्या तासात, घरच्या टॉर्चच्या उजेडात, त्याची बरीचशी हकिकत कळते. बॉनेट न उघडता 'बदला' म्हणणाऱ्याकडून तो बदलूनही घेऊ नये.

मऊ हवं आणि घट्टही

या रबराकडून अपेक्षा मोठ्या आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून शंभर किलोच्या आसपासचं वजन त्यानं पेलायचं. गाडी सुटताना, थांबताना, खड्ड्यात आपटताना तो सगळा गोळा जागेवर धरायचा. आणि इंजिनाची कंपनं बॉडीत शिरू द्यायची नाहीत. शेवटच्या कामासाठी रबर मऊ लागतं, पहिल्या दोन्हींसाठी घट्ट. माउंटिंगचं सगळं तंत्र म्हणजे या भांडणात केलेली तडजोड आहे, आणि गाडीगणिक ती वेगळी आहे.

आकड्यांत बघू. चार सिलिंडरचं नेहमीचं चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेरीला दोन स्फोट करतं. ८०० आरपीएमवर आयडल असेल तर सेकंदाला सुमारे २७ ठोके झाले. तीन सिलिंडरच्या इंजिनात फेरीला दीडच स्फोट, म्हणजे त्याच आरपीएमवर सेकंदाला २०. रबरावर टांगलेल्या इंजिनालाही स्वतःची डुलण्याची एक गती असते. ठोक्यांची गती त्या गतीच्या साधारण १.४ पटीच्या वर असली तरच रबर कंपनं अडवतं. त्याखाली ते अडवत तर नाहीच, उलट वाढवतं. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनाचं डुलणं सेकंदाला १९ हेलकाव्यांच्या आत ठेवलं तरी भागतं, तीन सिलिंडरच्या इंजिनाला मात्र १४ च्या आत आणावं लागतं. त्याला जास्त मऊ रबर लागतं ते यासाठी. वय झालेलं रबर कडक होतं, डुलण्याची गती वर सरकते आणि आयडलचे ठोके त्या सीमारेषेजवळ येऊन बसतात. एसी लावल्यावर, किंवा कार्बन धरलेल्या थ्रॉटलमुळे आयडल शे-दीडशे आरपीएमनं खाली आल्यावर थरथर एकदम का वाढते, याचं उत्तर या हिशेबात आहे.

आता घट्टपणाची बाजू. एक लिटरचं छोटं पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त ९० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतं. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून तो चौदा-पंधरा पट वाढवतात, म्हणजे चाकांपाशी साधारण १,३०० न्यूटन-मीटर. तेवढाच पीळ उलट दिशेनं इंजिन-गिअरबॉक्सच्या गोळ्यावर येतो. आजच्या छोट्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं, त्यामुळे हा सगळाच्या सगळा पीळ माउंटिंगवर येतो. जुन्या मागच्या चाकांच्या गाड्यांत असं नव्हतं. तिथे डिफरन्शियल मागच्या ॲक्सलमध्ये असल्यानं शेवटच्या टप्प्यातला पीळ ॲक्सल आणि पाटे सोसत. इंजिनाखालच्या रबराच्या वाट्याला गिअरबॉक्सपर्यंतचाच भाग येई. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचं इंजिन रबरानं इतक्या वर्षांची धावपळ सोसून धरून ठेवलं, त्यात रबराच्या गुणाइतकाच या मांडणीचाही वाटा होता.

प्लिमथपासून पद्मिनीपर्यंत

सुरुवातीच्या मोटारींत इंजिन थेट चासीला बोल्टनं आवळलेलं असे आणि प्रवाशांच्या दातांपर्यंत थरथर पोचे. रबर मधे घालण्याचे प्रयोग आधीही झाले होते, पण विचारपूर्वक केलेली मांडणी गाजली ती १९३१ साली, क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ पीए गाडीत. तिचं नाव 'फ्लोटिंग पॉवर'. इंजिन ज्या काल्पनिक आसाभोवती आपणहून डुलू पाहतं त्याच आसावर, पुढे उंच आणि मागे खाली, अशा दोन रबरी आधारांवर ते टांगायचं, ही त्यातली खुबी. रबर नुसतं घातलं नव्हतं, कुठे घालायचं याचा हिशेब केला होता. चार सिलिंडरची स्वस्त गाडी आठ सिलिंडरच्या गाडीसारखी मऊ चालते, असा कंपनीचा दावा होता आणि ऐन मंदीत तो चालून गेला. आंद्रे सित्रोएन यांनी फ्रान्ससाठी परवाना घेतला आणि १९३२ पासून त्यांच्या गाड्यांच्या नाकावर पाण्यावर तरंगणाऱ्या हंसाचं चिन्ह झळकू लागलं.

आडव्या इंजिनाची कथा नंतरची. १९५९ च्या मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून गिअरबॉक्स त्याच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या पात्रात, घातला. जागा भरपूर वाचली, पण इंजिनाचं मागेपुढे डुलणं आवरायला वरून एक आडवी दांडी द्यावी लागली. त्या दांडीचे रबरी बुश झिजले की क्लच सोडताना सगळी गाडी हादरते, हे मिनी बाळगणाऱ्याला आजही सांगावं लागत नाही. १९६४ मध्ये आउटोबियांकी प्रिमुला ही गाडी आली. फियाटचे दांते गियाकोसा यांनी तिच्यात इंजिनाच्या शेजारी एका टोकाला गिअरबॉक्स आणि दोन बाजूंना कमी-जास्त लांबीचे ड्राइव्हशाफ्ट अशी रचना केली. आज आपल्या रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्या त्याच रचनेच्या आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी ज्या फियाट ११०० वर बेतलेली होती तीही गियाकोसा यांच्या देखरेखीखालची. म्हणजे मुंबईची काळी-पिवळी आणि तिला हटवणाऱ्या गाड्यांची मांडणी, दोन्हींमागे एकच माणूस. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची होऊन मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

आपल्याकडे आडवं इंजिन घरोघरी पोचवलं ते डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. तिचा क्लच केबलवर चाले आणि त्यामुळे माउंटिंगचा दोष तिच्यात फार नाटकी दिसे. केबलचं एक टोक बॉडीला, दुसरं गिअरबॉक्सला. क्लच सोडताना इंजिन झुकलं की केबलचा ताण बदले, क्लच अर्धवट सुटे किंवा पकडे, इंजिन उलट झुके, ताण पुन्हा बदले. गाडी धडधडत सुटे आणि लोक क्लचप्लेट बदलत बसत. पुढे हायड्रॉलिक क्लच आलेल्या गाड्यांत हे दुष्टचक्र तुटलं, तरी सैल माउंटिंगमुळे सुटताना येणारा हिसका गेला नाही.

तीन जागा

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत आधार तीन ठिकाणी असतो. ड्रायव्हरच्या बाजूला, टायमिंग चेनच्या टोकाशी, उजवं माउंटिंग. डावीकडे गिअरबॉक्सवर दुसरं, अनेक गाड्यांत बॅटरीच्या ट्रेखाली दडलेलं. ही दोन वजन पेलतात. तिसरा मागे खाली, इंजिनापासून सबफ्रेमपर्यंत जाणारा छोटा दांडा, दोन्ही टोकांना बुश असलेला. कुणी त्याला टॉर्क रॉड म्हणतं, कुणी आकारावरून डॉग बोन. वजनाशी त्याचा संबंध जवळपास नाही. मघाच्या १,३०० न्यूटन-मीटरचा पीळ आवरायचा हे त्याचं काम, आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की दर वेळी त्याच्यावरचा ताण दिशा बदलतो.

काही गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, उजवं माउंटिंग हायड्रॉलिक असतं. रबराच्या आत ग्लायकॉल मिसळलेला द्रव भरलेले दोन कप्पे असतात, त्यांना जोडणारी एक लांब अरुंद वाट असते आणि मधे पातळ पडदा. आयडलची बारीक थरथर पडदाच हलून गिळतो, द्रवाला वाटेतून धावावं लागत नाही. खड्ड्यात इंजिन मोठा हेलकावा खातं तेव्हा मात्र द्रव त्या अरुंद वाटेतून रेटला जातो आणि हेलकावा लगेच मरतो. मऊ आणि घट्ट या भांडणावर काढलेला हा सगळ्यात हुशार तोडगा आहे. असं माउंटिंग फुटलं की द्रव वाहून जातो आणि उरतं ते साध्या माउंटिंगहूनही ढिलं रबर. याच्याही पुढे होंडा आणि टोयोटानं काही मोठ्या गाड्यांत संगणकानं चालणारी माउंटिंग वापरली. छोट्या गाडीच्या किमतीत ती बसत नाहीत, म्हणून इथे त्यांचा उल्लेख पुरे.

रबर कशानं जातं

माउंटिंगमधलं रबर बहुधा नैसर्गिक रबरावर आधारलेलं असतं, कारण लाखो हेलकावे सोसण्यात त्याची बरोबरी कृत्रिम रबर सहज करत नाही. पण नैसर्गिक रबराला तेल सोसत नाही. टॅपेट कव्हरचं गास्केट पाझरायला लागलं की ऑइल ओघळत उजव्या माउंटिंगवर येतं. तेल प्यायलेलं रबर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगून कडा सोडायला लागतं. अशा गाडीत गास्केट न बदलता नुसतं माउंटिंग बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तीच गत डिझेल किंवा रॉकेल फवारून केलेल्या इंजिन वॉशची. इंजिन चकाचक दिसतं खरं, पण रबराचं आयुष्य कमी होतं. इंजिन धुवायचंच असेल तर पाण्यात मिसळणारा सौम्य क्लीनर वापरावा, रबर झाकून घ्यावं आणि चमक आणणारी तेलकट फवारणी तर नकोच.

दुसरा शत्रू उष्णता. वर्षानुवर्षं बॉनेटखाली भाजून रबर कडक होतं. फाटलेलं रबर आणि कडक झालेलं रबर यांची लक्षणं उलटी असतात, हे ध्यानात न घेतल्यामुळे बराच गोंधळ होतो. रबर फाटलं की इंजिन जास्त हलतं आणि पहिला गिअर टाकून सुटताना किंवा ब्रेक मारताना 'खाट्' किंवा 'धप्' असा आवाज येतो. कडक झालं की इंजिन हलत नाही, पण स्टीअरिंग, सीट आणि दाराचे खण बारीक गुणगुणत राहतात. दोन्हींना लोक 'फाउंडेशन गेलं' असंच म्हणतात.

तिसरा प्रकार फार कमी लोक बघतात. वजनाखाली रबर वर्षं सरतील तसं थोडंथोडं बसत जातं. मग इंजिनाची एक बाजू खाली येते आणि रबराला दिलेले थांबे आयडललाच एकमेकांना टेकतात. रबर शाबूत, फाटलेलं कुठेच नाही, तरी कंपनं सरळ बॉडीत जातात. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत आणखी एक भर पडते. खाऱ्या हवेनं ब्रॅकेट गंजतं आणि गंज रबर-लोखंडाच्या सांध्यात शिरला की रबर पत्र्यापासून सुटतं.

वाहन चालवण्याच्या सवयीचा परिणामही खरा आहे. खंबाटकीच्या चढावर गाडी थांबली असेल तर हँडब्रेक लावून, क्लच सावकाश सोडून निघावं. इंजिन ओरडवून झटक्यात क्लच सोडला की टॉर्क रॉडच्या बुशला पहिला फटका बसतो. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात गाडी रेटणं हेही तितकंच वाईट. तेव्हा इंजिनाचे ठोके संथ आणि जड होतात आणि रबर त्या गतीला अडवायला असमर्थ असतं.

आधी बघा

इंजिन थंड आणि बंद असताना बॉनेट उघडून उजव्या माउंटिंगवर टॉर्च धरा. गोल किंवा चौकोनी डब्यात रबर, रबराच्या मधून गेलेला धातूचा हात, आणि हाताच्या वर-खाली चंद्रकोरीच्या आकाराच्या मोकळ्या फटी असं बहुतेक गाड्यांत दिसतं. या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. खालची फट पूर्ण मिटली असेल, तिच्यात पोस्टकार्डही सरकत नसेल आणि वरची उगाच रुंद झाली असेल, तर माउंटिंग बसलेलं आहे. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेषांना घाबरू नका, जुन्या टायरच्या बाजूलाही त्या असतात. टायर लिव्हरनं हलकेच उचकटल्यावर भेग उघडते का आणि रबर धातूपासून वेगळं होतं का, हे बघायचं. हायड्रॉलिक असेल तर खाली ओघळलेला काळपट चिकट डाग शोधा. डाव्या बाजूला बॅटरी काढल्याशिवाय नीट दिसत नाही. बॅटरी काढलीच आहे तर ट्रेखाली ॲसिडच्या पांढऱ्या पापुद्र्यांनी ब्रॅकेट खाल्लं आहे का तेही बघून घ्यावं.

मग इंजिन चालू करून बघायची परीक्षा. गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, हँडब्रेक घट्ट, पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला, आणि गाडीच्या पुढे-मागे कुणीही उभं नको. ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये क्लच पकडू लागेल इतकाच क्षणभर सोडतो, मग रिव्हर्समध्ये तेच करतो. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला निरोगी इंजिन थोडं झुकून परत येताना दिसतं. गेलेल्या माउंटिंगवरचं इंजिन उसळी मारतं आणि आवाजासकट परततं. टॉर्क रॉड बघायला गाडी रॅम्पवर घ्यावी लागते. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच शिरू नये, हे सांगणं जुनं असलं तरी सांगितलंच पाहिजे.

इथवर माउंटिंगची तपासणी झाली. आळ खोटा असण्याची शक्यता तपासणं हे उरलेलं अर्धं काम, आणि गॅरेजमध्ये नेमकं तेच टाळलं जातं. आयडल ८०० वरून १,२०० वर नेल्यावर थरथर अलगद विरली तर माउंटिंगवर संशय घ्यायला जागा आहे. पण ठेका चुकत असेल, सायलेन्सरमधून मधेच 'फुस्' येत असेल, तर एखादा सिलिंडर मिसिंग करतो आहे. स्कॅनर लावला की कोणता ते कळतं. पुण्या-मुंबईत सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत, त्यांना तर फुकटची परीक्षा उपलब्ध आहे. गाडी पेट्रोलवर टाका. थरथर थांबली तर रबराचा काही दोष नाही. प्लग, कॉइल किंवा गॅसचं सेटिंग बघा. थरथर ठरावीक वेगालाच येत असेल आणि त्याच वेगात क्लच दाबून इंजिन आयडलला आणलं तरी राहत असेल, तर ती चाकांची किंवा ड्राइव्हशाफ्टची आहे. एएमटीच्या, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या, गाड्यांत गिअर बदलताना येणारी डुलकी त्या गिअरबॉक्सचा स्वभावच आहे. एएमटी घेऊन सेलेरिओ २०१४ मध्ये आल्यापासून कित्येकांनी त्यापायी धडधाकट माउंटिंग बदलली असतील.

माउंटिंग खरंच गेलेलं असूनही दुर्लक्ष केलं तर? इंजिन लगेच खाली पडत नाही. पण जास्त हलणारं इंजिन सायलेन्सरच्या पुढच्या लवचीक पाइपाला, एसीच्या नळ्यांना, ड्राइव्हशाफ्टच्या आतल्या जॉइंटला रोज ओढत राहतं. एक माउंटिंग गेलं की उरलेली दोन त्याचा भार वाटून घेतात आणि तीही लवकर जातात. सायलेन्सरचा तो पाइप पुन्हापुन्हा फाटत असेल तर वेल्डिंग करत बसण्यापेक्षा आधी टॉर्क रॉड बघावा.

बदलताना

काम अवघड नाही, पण घाईचं नाही. इंजिनाच्या संपखाली सरळ जॅक लावला तर पत्रा दबतो किंवा ॲल्युमिनियमचा संप तडकतो. मधे लाकडाची जाड फळी हवीच. जॅकनं इंजिन उचलायचं नसतं, त्याचा भार फक्त पेलून धरायचा असतो. बोल्ट हातानं सहज फिरू लागला की भार बरोबर पेलला गेला असं समजावं. एका वेळी एकच माउंटिंग काढावं, नाहीतर इंजिन जागा सोडतं आणि भोकं जुळवायला पहार घालून रेटारेटी सुरू होते.

मग येतो तो टप्पा जिथे बहुतेक ठिकाणी काम बिघडतं. नवीन माउंटिंगचे सगळे बोल्ट आधी हातानं सैलसर लावायचे, जॅक उतरवून इंजिनाचं वजन त्यावर येऊ द्यायचं, इंजिन थोडं हलवून किंवा क्षणभर सुरू करून ते आपल्या जागी बसू द्यायचं, आणि मगच आवळायचे. टॉर्क रॉडचे बोल्ट सगळ्यात शेवटी, गाडी चाकांवर असताना. रबर पिळलेल्या अवस्थेत आवळलं तर ते जन्मभर पिळलेलंच राहतं. गाडी गॅरेजमधून बाहेर पडतानाच थरथरते आणि दोष नव्या मालावर ढकलला जातो. आवळण्यासाठी टॉर्क रेंच आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वापरावा. हवेच्या गननं ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटचे आटे सहज जातात. काही गाड्यांत बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच घ्यावेत.

एक छोटी गोष्ट गॅरेजमध्ये हमखास विसरली जाते. रबर विजेचा वाहक नाही, म्हणून इंजिनाला बॉडीशी जोडणारी विणलेल्या तारेची एक पट्टी असते, अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या माउंटिंगजवळ. माउंटिंग बदलताना ती सोडली आणि सैल लावली किंवा तशीच लोंबत ठेवली, की दुसऱ्या दिवशी स्टार्टर कुथतो, दिवे मंद होतात आणि इलेक्ट्रिशियनकडे नवीन फेरी सुरू होते. गाडी ताब्यात घेताना त्या पट्टीचा बोल्ट बघून घ्यावा. जुनी माउंटिंग मागून घ्यावीत. काढलेला भाग हातात आला की तो खरंच गेला होता का हे कळतं, आणि पुढच्या वेळी कुठे बघायचं तेही.

तिन्ही एकदम बदलावीत का? सात-आठ वर्षांच्या, लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीत एक फाटलं असेल आणि बाकी दोन बसलेली किंवा कडक दिसत असतील, तर एकदम बदलण्यात शहाणपण आहे; मजुरीही एकदाच पडते. पण चाळीस हजारांवर ऑइल गळून उजवं गेलं असेल तर गास्केट आणि तेवढंच एक माउंटिंग बदलावं. तिसरा पर्याय नेहमीचा आहे: फक्त टॉर्क रॉड. तो स्वस्त, बदलायला सोपा, आणि सुटताना-थांबतानाच्या धपक्याचं कारण बऱ्याचदा तोच असतो.

कुठलं घ्यायचं

पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा बाजार, दिल्लीचं काश्मिरी गेट, सगळीकडे एकाच गाडीचं माउंटिंग तीन-चार किमतींना मिळतं. कंपनीच्या डब्यातलं सर्वांत महाग. कंपनीला पुरवठा करणाऱ्याच उत्पादकाचं, त्याच्या स्वतःच्या डब्यातलं, त्याहून स्वस्त आणि बहुतेक वेळा तितकंच चांगलं. त्याखाली बिननावाचा माल. आणि सगळ्यात खाली, जुन्या पत्र्यात नवं रबर भरून दाबलेलं. शेवटच्यात रबर किती कडक निघेल ते त्या दिवशीच्या मिश्रणावर अवलंबून. माउंटिंगचं रबर साधारण ४५ ते ६० शोअर-ए कडकपणाचं असतं. बुटाच्या सोलसारखं टिकेल अशा हिशेबानं भरलेलं कडक रबर फाटत नाही खरं, पण मघाचं सगळं गणित त्यात बुडतं. विकणारा 'आयुष्यभर बघायला नको' म्हणतो, ते त्या अर्थानं खरं असतं.

दुकानात बघण्यासारखी एक खूण सांगतो. साच्यातून निघालेल्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या भागावर बऱ्याचदा घड्याळासारखं छोटं वर्तुळ उमटलेलं असतं. आत वर्षाचे आकडे, कडेला महिने, मधे बाण. रबर शेल्फवर पडूनही म्हातारं होतं, तेव्हा बाण चार-पाच वर्षं मागची तारीख दाखवत असेल तर दुसरं मागावं. पॉलियुरेथेनची माउंटिंग शर्यतीच्या हौशी लोकांत लोकप्रिय आहेत. गिअर टाकताना इंजिन अजिबात डुलत नाही, ॲक्सिलरेटरला गाडी झटक्यात उत्तर देते. पण रोज हडपसर ते हिंजवडी करणाऱ्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. सिग्नलवर उभं असताना डॅशबोर्डच्या प्रत्येक क्लिपचा आवाज ऐकू येईल.

तीन सिलिंडरांचा काळ

हा प्रश्न येत्या वर्षांत वाढणार आहे. इंधनाची बचत आणि वजन यांच्यामागे लागून छोट्या गाड्या पुन्हा तीन सिलिंडरकडे वळल्या आहेत. २०१५ ची क्विड, २०१६ ची टियागो तशीच आली, आणि २०२४ मध्ये नव्या स्विफ्टनंही चार सिलिंडरचं इंजिन सोडून तीन सिलिंडरचं घेतलं. तीन सिलिंडरच्या क्रँकवर वर-खाली ढकलणारी बलं आपसांत कटतात, पण दोन टोकांना उलटसुलट डोलवणारा हेलकावा उरतो. त्यात ठोकेही संथ. त्याहून टोकाचं उदाहरण म्हणजे २०१५ ची डिझेल सेलेरिओ. दोन सिलिंडर, ७९३ सीसी, आणि अशी थरथर की मऊ रबरालाही मर्यादा असते हे तिनं दाखवून दिलं. दोनेक वर्षांत ती बंद झाली. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत आवाज आणि कंपन मोजायला स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, आणि छोट्या गाडीच्या माउंटिंगवर पूर्वी नव्हता एवढा अभ्यास आता होतो. पण मऊ रबर लवकर बसतं ही गोष्ट प्रयोगशाळेलाही बदलता आलेली नाही. नवी तीन सिलिंडरची गाडी घेणाऱ्यानं पन्नास हजार किलोमीटरनंतर दर सर्व्हिसला त्या चंद्रकोरी फटींवर टॉर्च मारायला सांगावं.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही म्हणून हे रबर सुटलं, असं काहींना वाटतं. टियागो ईव्हीसारख्या गाडीतही मोटर आणि गिअरबॉक्सचा गोळा माउंटिंगवरच बसतो. आयडलची थरथर नाही, पण मोटरचा बारीक 'कुंईं' आवाज सेकंदाला शेकडो-हजारो कंपनांचा असतो आणि तो अडवायला वेगळं रबर लागतं. शिवाय मोटरचा पूर्ण टॉर्क शून्य वेगापासूनच मिळतो, आणि पाय उचलला की वेगाची ऊर्जा बॅटरीत परत घेणारं रिजनरेशन तो लगेच उलटा फिरवतं. शहरात दिवसभर पीळ एकदा इकडे, एकदा तिकडे. टॉर्क रॉडच्या बुशवरचा ताण कमी होण्याचं काहीच कारण नाही, आणि इंजिनाचा आवाज नसल्यानं तिथला पहिला 'टक्' ड्रायव्हरला पेट्रोल गाडीपेक्षा आधी ऐकू येतो.